‘पॉपडम’ हा शब्द कुठल्याच यादीत नव्हता

#धागा : रिॲलिटी शोमधील शिव्या, बीप आणि नियम यांचा इतिहास

१/
१९ जानेवारी २००७. लंडनच्या उत्तरेस, हर्टफर्डशायरमधील एल्स्ट्री स्टुडिओच्या आवारात उभारलेल्या एका घरातून जेड गुडी ही स्पर्धक बाहेर पडली. एरवी अशा वेळी घराबाहेर आरोळ्या ठोकणारी गर्दी असे. त्या रात्री प्रेक्षकांना आत सोडलेच नव्हते. तिला बाहेर काढण्यासाठी ८२ टक्के मते पडली होती. चॅनल ४ वरील ‘सेलिब्रिटी बिग ब्रदर’मध्ये भारतीय अभिनेत्री शिल्पा शेट्टी हिला मिळालेल्या वागणुकीमुळे ब्रिटनमध्ये आणि भारतात संताप उसळला होता. ब्रिटनची नियामक संस्था ‘ऑफकॉम’ हिच्याकडे या प्रकरणी ४४,५०० हून अधिक तक्रारी आल्या. एका कार्यक्रमाविरुद्ध इतक्या तक्रारी तिने तोवर पाहिल्या नव्हत्या.

२/
या प्रकरणाची एक बाजू मात्र क्वचितच सांगितली जाते. ज्या बोलण्यामुळे हे वादळ उठले, त्यातील बरेचसे शब्द रूढ अर्थाने ‘घाणेरडे’ नव्हतेच. घरातील एक अश्लील शिवी बीपखाली झाकली गेली आणि अपमान मात्र घरोघरी स्पष्ट ऐकू आला. टीव्हीवरील भाषेचे नियम कसे घडले, ते नेमके कुठे तोकडे पडले आणि त्याच प्रश्नाला भारतात, विशेषतः मुंबईत, कोणती उत्तरे दिली गेली, हा या धाग्याचा विषय आहे.

३/
आरंभी होती ती यादी. १९४० च्या दशकाच्या अखेरीस बीबीसीने विनोदी कार्यक्रमांच्या निर्मात्यांसाठी एक मार्गदर्शिका तयार केली. ती ‘ग्रीन बुक’ या नावाने ओळखली जाते. शौचालये, मधुचंद्राला निघालेली जोडपी, हॉटेलातील मोलकरणी, स्त्रियांची अंतर्वस्त्रे या विषयांवरील विनोदांना तिने सरसकट मज्जाव केला होता. आज ती वाचताना हसू येते. पण तिच्यामागचा विचार सरळ होता. कार्यक्रम आधी लिहिला जातो, लिहिलेले आधी वाचता येते आणि वाचलेले खोडताही येते.

४/
यादीच्या जोडीला आले घड्याळ. १९६० च्या दशकात ब्रिटनमध्ये रात्री ९ ही सीमारेषा रूढ झाली. तिला ‘वॉटरशेड’ म्हणतात. ९ पूर्वी मुले टीव्हीसमोर असतील असे गृहीत धरायचे. ९ नंतर प्रौढांसाठीचा मजकूर हळूहळू दाखवायचा. म्हणजे एकच शब्द साडेआठला गुन्हा ठरे आणि साडेदहाला खपून जाई. जगातील बहुतेक प्रसारण-नियमांचा सांगाडा याच दोन गोष्टींवर उभा राहिला : कोणता शब्द आणि कोणती वेळ.

५/
थेट प्रक्षेपणाने या सांगाड्याला पहिले तडे दिले. १३ नोव्हेंबर १९६५ रोजी नाट्यसमीक्षक केनेथ टायनन याने बीबीसीच्या रात्रीच्या थेट कार्यक्रमात इंग्रजीतील सर्वपरिचित चार अक्षरी शिवी उच्चारली आणि प्रकरण थेट ब्रिटिश संसदेत गेले. १ डिसेंबर १९७६ रोजी ‘सेक्स पिस्टल्स’ या बँडने थेम्स वाहिनीच्या ‘टुडे’ कार्यक्रमात, तेही ऐन संध्याकाळी, शिव्यांची सरबत्ती केली. त्यांना डिवचणारा निवेदक बिल ग्रंडी दोन आठवड्यांसाठी निलंबित झाला. बोलणारा आधी लिहून बोलत नसेल तर आधी खोडायचे तरी काय, हा प्रश्न तेव्हाच पुढे आला होता.

६/
रिॲलिटी शोने तो प्रश्न कायमचा करून टाकला. १९९९ च्या सप्टेंबरात नेदरलँड्समध्ये ‘बिग ब्रदर’ सुरू झाला. जुलै २००० मध्ये तो ब्रिटनमध्ये चॅनल ४ वर आला. नोव्हेंबर २००६ मध्ये ‘बिग बॉस’ या नावाने हिंदीत अवतरला. अनोळखी माणसे, बंद घर, सर्वत्र कॅमेरे आणि संहिता नाही. ब्रिटनमध्ये घरातील घडामोडी जवळजवळ थेट दाखवल्या जात, पण थोड्या विलंबाने. कुणी बदनामीकारक किंवा आक्षेपार्ह बोलू लागले की मूळ आवाज बंद करून त्या जागी पक्ष्यांचा किलबिलाट सोडला जाई. घरात भांडण पेटलेले आणि प्रेक्षकाच्या कानी चिमण्या!

७/
दरम्यान ‘वाईट शब्द’ म्हणजे काय, याविषयीचे लोकमत बदलत होते. २००० साली बीबीसी आणि ब्रिटनमधील नियामक संस्था यांनी मिळून ‘डिलीट एक्सप्लेटिव्ह्ज?’ नावाचा अभ्यास प्रसिद्ध केला. कोणता शब्द किती झोंबतो, असे प्रेक्षकांना विचारून क्रमवारी लावली गेली. लैंगिक शिव्या अजूनही सर्वांत वर होत्या. परंतु काळ्या लोकांसाठीचा ‘एन’ पासून सुरू होणारा शब्द आणि दक्षिण आशियाई लोकांना हिणवण्यासाठी वापरला जाणारा ‘पाकी’ हे वंशवाचक शब्द आधीच्या पाहणीपेक्षा वर सरकले होते. माणसाच्या ओळखीवर घाव घालणारा शब्द लोकांना आता अधिक टोचू लागला होता.

८/
२००५ मध्ये ऑफकॉमची नवी प्रसारण संहिता लागू झाली. तिच्या नियम २.३ ने यादी आणि घड्याळ यांच्या शेजारी तिसरी गोष्ट ठेवली : संदर्भ. आक्षेपार्ह मजकूर दाखवायला वाहिनीला मोकळीक होती. अट एवढीच की संदर्भाने त्याचे समर्थन झाले पाहिजे. कार्यक्रमाचे स्वरूप काय, वेळ कोणती, प्रेक्षक कोण, त्यांची अपेक्षा काय, पूर्वसूचना दिली होती का, हे सारे पाहायचे. या तिसऱ्या गोष्टीची खरी परीक्षा दीड वर्षातच झाली.

९/
जानेवारी २००७. घरात शिल्पा शेट्टी ही एकमेव भारतीय. जेड गुडीची आई जॅकी बडन हिने तिचे नाव नीट उच्चारायचे टाळले आणि तिचा उल्लेख ‘ती इंडियन’ असा केला. नंतर शिल्पाच्या स्वयंपाकावरून टोमणे सुरू झाले : भारतीय लोक अन्न कच्चेच खातात म्हणून आजारी पडून बारीक राहतात, हिचे हात कुठे कुठे लागले असतील कोण जाणे, अशा आशयाचे. रश्शात घालायच्या मसाल्याच्या वड्यांवरून जेडने तिच्यावर मोठा आरडाओरडा केला. डॅनिएल लॉइड या स्पर्धकाने तिने आपल्या घरी चालते व्हावे, असे शिवीसकट म्हटले. आणि जेडने तिचे आडनाव ठेवले : ‘शिल्पा पॉपडम’.

१०/
पॉपडम म्हणजे पापड. दक्षिण भारतातील ‘पप्पडम्’वरून इंग्रजीत गेलेला आणि ब्रिटनमधील प्रत्येक भारतीय उपाहारगृहाच्या मेनूकार्डावर दिसणारा निरुपद्रवी शब्द. ‘इंडियन’ हाही शिवी नव्हे, ‘घर’ हाही नव्हे. कोणत्याही निषिद्ध शब्दांच्या यादीत हे शब्द सापडले नसते. तरीही एका व्यक्तीचे नाव पुसून त्या जागी तिच्या देशाचा खाद्यपदार्थ ठेवला जातो, तेव्हा काय घडते आहे, हे हजारो ब्रिटिश प्रेक्षकांनी, विशेषतः तेथील दक्षिण आशियाई कुटुंबांनी, क्षणात ओळखले. शाळेच्या मैदानावर आणि बसथांब्यावर त्यांनी हे ऐकलेले होते.

११/
आता बीपकडे. जेडचा मित्र जॅक ट्वीड याने शिल्पाला उद्देशून वापरलेला एक शब्द प्रक्षेपणात झाकला होता. झाकलेला शब्द ‘पाकी’च असणार, अशी चर्चा सुरू झाली. अखेर वाहिनीला खुलासा करावा लागला की तो शब्द वंशवाचक नव्हता. ती स्त्रीच्या शरीरावरून दिली जाणारी, इंग्रजीतील सर्वांत अश्लील मानली जाणारी शिवी होती! स्त्रीला दिलेली ती शिवी हा बचावाचा मुद्दा ठरावा, ही त्या आठवड्यातील सर्वांत विचित्र गोष्ट. प्रेक्षकांचे रक्षण करण्यासाठी घातलेल्या बीपने त्यांचा वाहिनीवरील विश्वासच उडवला.

१२/
चॅनल ४ ची सुरुवातीची भूमिका अशी होती की उघड वांशिक शिवीगाळ झालेलीच नाही; हा वर्ग आणि संस्कृती यांतील फरकातून उद्भवलेला खटका आहे. वर्गाचा मुद्दा अगदीच खोटा नव्हता. जेड ही दक्षिण लंडनच्या श्रमिक वस्तीत वाढलेली, दंतवैद्याच्या दवाखान्यात परिचारिका असलेली मुलगी. २००२ च्या ‘बिग ब्रदर’ने तिला प्रसिद्धी दिली, आणि वृत्तपत्रांनी तिच्या अज्ञानाची यथेच्छ टिंगल केली. तिच्या वडिलांकडून तिला कॅरिबियन वारसाही होता. पण वर्गाचे स्पष्टीकरण दिल्याने ‘पॉपडम’चा अर्थ बदलत नव्हता.

१३/
प्रकरण हाताबाहेर गेले. पाटण्यात पुतळे जाळले गेले. ब्रिटनचे अर्थमंत्री गॉर्डन ब्राउन नेमके त्याच दिवसांत भारत दौऱ्यावर होते. त्यांना व्यापारापेक्षा या कार्यक्रमावरच प्रश्नांची उत्तरे द्यावी लागली. ब्रिटिश संसदेत पंतप्रधान टोनी ब्लेअर यांना याविषयी विचारण्यात आले. ‘कारफोन वेअरहाउस’ कंपनीने प्रायोजकत्व थांबवले. हर्टफर्डशायर पोलिसांनी चौकशी सुरू केली. २८ जानेवारीला शिल्पा शेट्टी ६३ टक्के मतांनी विजयी झाली. जेडवर वंशद्वेषी असा शिक्का मारणे तिने बाहेर आल्यावर टाळले.

१४/
२४ मे २००७ रोजी ऑफकॉमने निर्णय दिला. तो बारकाईने पाहण्यासारखा आहे. वंशद्वेषी बोलणे टीव्हीवर दाखवताच कामा नये, असे ऑफकॉमने म्हटले नाही. समाजात जे आहे ते दाखवण्याचा अधिकार वाहिनीला आहे, हे तिने मान्य केले. दोष ठेवला तो हाताळणीवर. स्वयंपाकावरचे टोमणे, ‘घरी जा’ आणि ‘पॉपडम’ या तीन प्रसंगांत वाहिनीने वेळीच हस्तक्षेप केला नाही आणि संदर्भाने समर्थन होईल अशा रीतीने ते दाखवले नाहीत, असा ठपका होता. दंड झाला नाही. मात्र ऑफकॉमचा निष्कर्ष वाहिनीला स्वतःच्याच पडद्यावर तीन वेळा प्रसारित करावा लागला.

१५/
चौकशीत आणखी एक गोष्ट उघड झाली. काही स्पर्धक यमक जुळवून चारोळ्या रचत असताना ‘पाकी’ या शब्दाकडे झुकत होते, असे एक चित्रीकरण अस्तित्वात होते. ते कधीच प्रसारित झाले नाही. परंतु ते चित्रीकरण असल्याची माहितीही वाहिनीच्या वरिष्ठांपर्यंत वेळेत पोहोचली नव्हती. आत काय चालले आहे हे ठरवणारे जर स्वतःच अंधारात असतील, तर ‘उघड वांशिक शिवीगाळ झाली नाही’ या विधानाला आधार कोणता? रिॲलिटी शोचा खरा सेन्सॉर संकलनाच्या खोलीत बसतो आणि त्याचे निर्णय प्रेक्षकाला दिसत नाहीत.

१६/
निर्णयाला दोन आठवडे होतात न होतात तोच लंबक दुसऱ्या टोकाला गेला. ‘बिग ब्रदर’च्या पुढच्या पर्वात, ७ जून २००७ रोजी, १९ वर्षांच्या एका गोऱ्या स्पर्धक मुलीला रातोरात घराबाहेर काढण्यात आले. तिने एका कृष्णवर्णीय सहस्पर्धकाशी बोलताना ‘एन’ शब्द वापरला होता. आपण थट्टेत बोललो, असे तिचे म्हणणे होते. या वेळी वाहिनीने फार वाट पाहिली नाही. शब्द यादीतला होता, त्यामुळे निर्णय सोपा होता. ‘पॉपडम’च्या वेळी दिवसचे दिवस जे सुचले नाही, ते येथे काही तासांत झाले.

१७/
जेडची पुढची कथा भारतात येते. ऑगस्ट २००८ मध्ये कलर्स वाहिनीवर ‘बिग बॉस’चे दुसरे पर्व सुरू झाले. सूत्रसंचालक होती शिल्पा शेट्टी आणि स्पर्धकांत होती जेड गुडी. घरात येऊन दोनच दिवस झाले असताना तिला गर्भाशयमुखाचा कर्करोग असल्याची बातमी त्या घरातच सांगण्यात आली. ती तातडीने परतली. २२ मार्च २००९ रोजी, वयाच्या २७ व्या वर्षी ती वारली. २००७ च्या वादाचा चेहरा तीच राहिली. काय दाखवायचे, काय कापायचे हे ठरवणाऱ्यांची नावे मात्र सामान्य प्रेक्षकाला कधी कळलीही नाहीत.

१८/
भारतात टीव्हीसाठी चित्रपटासारखे आधी प्रमाणपत्र देणारे मंडळ नाही. केबल टेलिव्हिजन नेटवर्क कायदा १९९५ चा. त्याखालील नियमांत ‘कार्यक्रम संहिता’ आहे. अभिरुची आणि शालीनता यांना धक्का देणारे, अश्लील, बदनामीकारक असे काही दाखवू नये, हे तीत आहेच. पण फारसे लक्षात न येणारे एक कलमही आहे : वांशिक, भाषिक किंवा प्रादेशिक समूहांविषयी निंदाव्यंजक आणि तुच्छतादर्शक वृत्ती दाखवणारे दृश्य वा शब्द नकोत. म्हणजे ‘पॉपडम’ला लागू पडेल असा नियम भारतीय पुस्तकात आधीपासून होता.

१९/
त्याची परीक्षा २०१० मध्ये आली, पण उत्तर मिळाले ते घड्याळाचे. ‘बिग बॉस’चे चौथे पर्व लोणावळ्यात चित्रित होत होते. पाकिस्तानी कलाकारांच्या सहभागावरून शिवसेनेने विरोध केला होता. दुसरीकडे एनडीटीव्ही इमॅजिनवरील ‘राखी का इन्साफ’ या कार्यक्रमात झाशीच्या एका पुरुषाला ‘नामर्द’ म्हटले गेले. त्या अपमानाच्या धक्क्याने त्याचा मृत्यू झाला, असा आरोप कुटुंबीयांनी केला आणि पोलिसांत गुन्हा नोंदला गेला. १७ नोव्हेंबर २०१० रोजी माहिती व प्रसारण मंत्रालयाने आदेश काढला : दोन्ही कार्यक्रम रात्री ११ ते पहाटे ५ या वेळेतच दाखवावेत.

२०/
‘बिग बॉस’ची वाहिनी लगोलग मुंबई उच्च न्यायालयात गेली. न्यायालयाने अंतरिम स्थगिती दिली आणि कार्यक्रम ९ वाजताच सुरू राहिला. या घटनेत दोन वेगळे प्रश्न एकमेकांत मिसळले होते. लहान मुलांनी काय पाहावे, हा एक. कॅमेऱ्यासमोर एखाद्या माणसाची मानहानी करावी काय, हा दुसरा. वेळ बदलल्याने पहिल्याचे उत्तर मिळू शकते, दुसऱ्याचे नाही. ‘नामर्द’ हा शब्द रात्री ११ नंतर उच्चारला तरी तो ज्याला ऐकवला त्याच्यासाठी तो तेवढाच राहतो.

२१/
जून २०११ मध्ये वाहिन्यांच्या संघटनेने स्वतःच ‘ब्रॉडकास्टिंग कंटेंट कम्प्लेंट्स कौन्सिल’ ही तक्रार-परिषद उभी केली. निवृत्त मुख्य न्यायमूर्ती ए. पी. शाह तिचे पहिले अध्यक्ष. सर्वांसाठीचे कार्यक्रम आणि रात्री ११ ते पहाटे ५ या वेळेतले मर्यादित कार्यक्रम, अशी विभागणी झाली. मालिकांच्या तळाशी सरकणारी ‘आपली काही तक्रार असल्यास’ ही पट्टी याच व्यवस्थेतून आली. सरकारी आदेशापेक्षा तक्रार आणि सुनावणी हा मार्ग अधिक संयत होता. तरी वाहिन्यांचा दैनंदिन उपाय एकच राहिला : बीप.

२२/
‘एमटीव्ही रोडीज’सारख्या कार्यक्रमांनी तर बीपलाच शैली बनवले. मुलाखतीत परीक्षक स्पर्धकाला सोलून काढत; ओठांवर धूसर पट्टी, कानांत एकामागून एक बीप. शिवी कोणती, हे शाळकरी मुलालाही कळे. आवाज झाकल्याने वाहिनी नियमात बसे आणि नियमभंगाचा थरारही विकता येई. प्रश्न विचारण्यासारखा एवढाच होता की नोकरी नसलेल्या, घाबरलेल्या विशीतल्या पोराला देशासमोर रडवणे हे बीपमुळे स्वीकारार्ह ठरते काय. त्या रडण्यावर बीप नव्हता.

२३/
ऑक्टोबर २०२०. ‘बिग बॉस’च्या चौदाव्या पर्वात जान कुमार सानू या स्पर्धकाने निक्की तांबोळी हिला आपल्याशी मराठीत बोलू नकोस, आपल्याला त्याची चीड येते, अशा आशयाचे सुनावले. पुन्हा एकदा, एकही अपशब्द नाही. बीप घालण्याजोगे काहीच नसल्याने वाक्य जसेच्या तसे प्रसारित झाले. महाराष्ट्रात संताप व्यक्त झाला; माफी मागा नाहीतर चित्रीकरण बंद पाडू, असा इशारा मनसेने दिला. वाहिनीने मुख्यमंत्री कार्यालयाला माफीचे पत्र पाठवले, तो भाग काढून टाकल्याचे कळवले आणि स्पर्धकानेही कार्यक्रमात माफी मागितली.

२४/
२००७ आणि २०२० हे शेजारी ठेवले तर फरक ठळक होतो. ब्रिटनमध्ये चार महिने चौकशी झाली. कोणता प्रसंग, कोणाचा निर्णय, कुठे चूक, हे लेखी नोंदले गेले. मुंबईत एका दिवसात माफी आली आणि दृश्य गायब झाले. राग शमला, पण भाषिक समूहाविषयीच्या तुच्छतेला मनाई करणारे संहितेतील कलम या प्रसंगाला लागू होते की नव्हते, याचा निवाडा झालाच नाही. ते वाक्य संकलनाच्या टेबलावरून पुढे कोणी सोडले, हेही लोकांसमोर आले नाही. माफी मिळाली, पायंडा पडला नाही.

२५/
डिसेंबर २०२२ मध्ये त्याच कार्यक्रमाच्या सोळाव्या पर्वात एका स्पर्धकाने दुसरीविषयी जातीवरून हिणवणारे उद्गार काढल्याचे प्रकरण राष्ट्रीय अनुसूचित जाती आयोगापर्यंत गेले आणि आयोगाने नोटिसा बजावल्या. जातीय तुच्छता अनेकदा रोजच्या, सभ्य भासणाऱ्या शब्दांतून व्यक्त होते. ‘यांचे संस्कारच तसे’, ‘ही त्यांच्यातली’ ही वाक्ये कोणत्या यादीत घालणार? ज्याने ती आयुष्यभर ऐकली त्याला ती तत्काळ ओळखू येतात; ज्याला ती कधी ऐकावी लागली नाहीत, त्याला त्यांत वावगे काही दिसत नाही. संकलनाच्या टेबलावर कोण बसले आहे, याला म्हणूनच महत्त्व आहे.

२६/
मग यादी सोडून सरसकट संदर्भाचाच नियम करावा काय? येथे इतिहास सावध करतो. संदर्भ वाचण्यात ब्रिटिश राजवट पटाईत होती. कृ. प्र. खाडिलकरांच्या ‘कीचकवध’ (१९०७) नाटकात सरकारविरुद्ध एक शब्दही नव्हता, कथा महाभारतातली. पण प्रेक्षक कीचकात लॉर्ड कर्झन पाहत होते आणि द्रौपदीत भारतमाता. १८७६ च्या नाट्यप्रयोग कायद्याचा आधार घेऊन १९१० मध्ये नाटकावर बंदी आली. सरकारने अर्थ बरोबर ओळखला होता. संदर्भ ओळखण्याची शक्ती ज्याच्या हाती असते, तो ती दुर्बळाच्या रक्षणासाठी वापरेलच असे नाही.

२७/
यादीचा दुराग्रहही महाराष्ट्राने अनुभवला आहे. येथे नाटकाची संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाला आधी दाखवावी लागते. १९७२ मध्ये विजय तेंडुलकरांच्या ‘सखाराम बाइंडर’वर आघात झाला, त्यात सखारामच्या शिवराळ भाषेचा वाटा होता. ती भाषा काढली तर सखाराम हा माणूसच उरत नव्हता. दिग्दर्शक कमलाकर सारंग मुंबई उच्च न्यायालयात लढले आणि निकाल नाटकाच्या बाजूने लागला. शिवी असूनही कलाकृती प्रतिष्ठित असू शकते आणि शिवी नसतानाही एखादा कार्यक्रम अप्रतिष्ठेचा असू शकतो, ही दोन्ही सत्ये एकाच राज्याच्या इतिहासात सापडतात.

२८/
शब्द मोघम असले की काय होते, याचे आणखी जवळचे उदाहरण पालघरचे. नोव्हेंबर २०१२ मध्ये मुंबई बंदविषयी फेसबुकवर लिहिल्याबद्दल आणि ते लाइक केल्याबद्दल तेथील दोन तरुणींना अटक झाली. त्यानंतर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६अ ला आव्हान देण्यात आले. ‘अत्यंत आक्षेपार्ह’, ‘त्रासदायक’ हे शब्द इतके सैल आहेत की काहीही त्यांत बसवता येते, असे म्हणत सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी ते कलम रद्द केले. नियम आधीच कळणारा असावा, ही यादीची जमेची बाजू. ती टाकून देण्यासारखी नाही.

२९/
म्हणून २००७ च्या निर्णयातील महत्त्वाची गोष्ट आहे ती जबाबदारीची जागा. ऑफकॉमने जेड गुडीला शिक्षा केली नाही. ते तिचे कामच नव्हते. तिने वाहिनीला विचारले : हे तुमच्यासमोर घडत होते, तुमच्या हाती विलंब होता, संकलन होते, हस्तक्षेपाची सोय होती, तुम्ही काय केले आणि का? हा प्रश्न बोलणाऱ्याच्या तोंडावर हात ठेवत नाही. ज्याच्याकडे दाखवण्याची सत्ता आहे, त्याच्याकडे तो हिशेब मागतो. हिशेब लेखी आणि सार्वजनिक असेल तर पुढच्या वेळी काय चालेल, हे सर्वांना आधी कळते.

३०/
इतिहासाच्या अभ्यासकासाठी बीप हाही एक पुरावा आहे. कोणत्या काळाने काय झाकले, यावरून त्या काळाला कशाची लाज वाटत होती ते कळते. आणि काय न झाकता जाऊ दिले, यावरून कशाची वाटत नव्हती तेही. मधुचंद्राच्या विनोदाला भिणारा काळ गेला, चिमण्यांच्या किलबिलाटाचा काळ गेला. पुढच्या वेळी कार्यक्रमात बीप वाजला, की त्याच्या आधीचे आणि नंतरचे वाक्य लक्ष देऊन ऐकावे. अपमान बहुधा तिथेच असतो, स्पष्ट आवाजात.

(धागा समाप्त)